वाकड्या वाट्यापण टेबलावर ठेवा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात तुमच्या शहराच्या पानावर एका शाळेच्या प्रदर्शनाचा फोटो आला होता. मुलं रांगेत उभी, हातात तांब्याच्या चकचकीत वाट्या, आणि खाली ओळ, विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने घडवलेल्या वस्तू. तर त्या वाट्या मुलांनी घडवलेल्या नव्हत्या. मला कसं माहीत, तर त्या पोरांना वाटी ठोकायला शिकवणारा मीच होतो. तुमच्यावर राग नाही, शाळेने फोटो पाठवला तुम्ही छापला, पण चार दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. नातीने मोबाईलवर मराठी कीबोर्ड टाकून दिलाय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मी सातपूरला एका कंपनीत ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली, फिटर म्हणून लागलो आणि फिटर म्हणूनच बाहेर पडलो. नातीच्या शाळेत सायन्सच्या एक मॅडम आहेत, तिशीच्या आतबाहेरच्या, त्यांनी सातवी-आठवीच्या पोरांसाठी छोटे कोर्स काढले. सहा शनिवार, दर शनिवारी दोन तास, ज्याला जो आवडेल तो त्याने घ्यायचा. मातीकाम, पतंग, शिवण, मोबाईलवर ॲनिमेशन आणि धातूकाम. शिकवायला बाहेरची माणसं, ज्यांचा तो धंदाच आहे अशी. पतंगाला येवल्याचे एक काका यायचे, येवल्यात संक्रांतीला तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं आणि मांजा चक्रीवर नाही तर आसारीवर गुंडाळतात, ते पहिल्या दिवशी आसारी घेऊनच आले तर पोरं पतंग सोडून तिलाच चिकटली. धातूकामाला मी. आयडिया एक नंबर होती हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळी तक्रारच आहे.

माझ्याकडे अठरा जण, त्यात सात मुली. तांब्याचा २२ गेजचा पत्रा, त्यातून १०० मिलिमीटरच्या चकत्या मी घरूनच कापून न्यायचो, एक चकती जेमतेम ५० ग्रॅम भरते. बाभळीच्या ओंडक्यांना खळगे करून घेतले होते. पहिला शनिवार नुसता कड घासण्यात गेला. कानस पुढे ढकलताना जोर लावायचा, मागे आणताना उचलून घ्यायची, बस एवढंच, दोन तास. पोरं वैतागली. मी म्हटलं बाबांनो आयटीआयला आम्ही महिनोनमहिने हेच केलंय आणि तेव्हा कुणी आम्हाला त्याला ॲक्टिव्हिटी म्हणत नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी ठोकायला सुरुवात, कडेपासून गोल गोल फिरत मध्यापर्यंत यायचं. अर्ध्या तासात एकाने बोंब मारली, आजोबा माझं तांबं ऐकतच नाहीये. बरोबर होतं त्याचं. तांबं ठोकत गेलं की कडक होत जातं, आणि तरी ठोकत राहिलं की कडेला तडा जातो, एकाचा गेलापण. मग गॅसच्या बत्तीवर ती चकती मंद लाल होईपर्यंत तापवली, पाण्यात टाकली, चर्र आवाज, आणि काळी पडलेली चकती त्याच्या हातात दिली. वाकव म्हटलं. अंगठ्याने वाकली! त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणते, पण आजोबा तलवार लाल करून पाण्यात घालतात ती तर कडक होते ना? संपादक साहेब, हा प्रश्न मला ३१ वर्षांत अप्रेंटिस पोरांनी दोनदा विचारला असेल. पोलाद उलटं वागतं. त्यात कार्बन असतो, लाल पोलाद झटकन गार केलं की तो आतल्या आत अडकून पडतो आणि पोलाद कडक होतं, ठिसूळपण होतं. तांब्यात ती भानगड नाही, ते तापवल्यामुळेच मऊ पडतं, पाणी फक्त हाताला चटका बसू नये म्हणून. हे मी सांगितलं आणि मॅडमनी फळ्यावर अणूंची चित्रं काढून दाखवली, मला स्वतःला ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

पाचव्या शनिवारी जुन्या नाशकातून कल्हईवाले चाचा आले. आपल्याकडची तांब्या-पितळेची भांडी एकेकाळी लांबलांबून लोक न्यायचे, पण या पोरांपैकी एकानेही कल्हई, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा पातळ थर, करताना बघितली नव्हती, दोघांना तर तो शब्दच माहीत नव्हता. मैदानात छोटी भट्टी, हाताने फिरवायचा भाता. वारा कुठून येतो बघून चाचांनी पोरांना एका बाजूला उभं केलं. वाटी तापली, नवसागराची चिमूट पडली, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकवली की लोण्यासारखी वितळली आणि कापसाच्या बोळ्याने फिरवली तर दोन सेकंदात आतून चांदी. सगळे एकदम ओरडले. एकाने विचारलं, मग तांबं का नाही वितळलं? मॅडम लगेच, कथील २३२ अंशाला वितळतं आणि तांबं १०८५ ला. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड, तापल्यावर त्यातून जो वायू सुटतो तो तांब्यावरचा काळा थर खाऊन टाकतो, नाहीतर कथील धरतच नाही. चाचा शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, हां, मळ असला की पकडत नाही, आमचे वालीद पण हेच सांगायचे. आणि कल्हई करायची कशाला, तर ताक कळकू नये, म्हणजे तांब्या-पितळेला लागून खराब होऊ नये म्हणून. घरी आल्यावर आमच्या नातीने आजीला कळकलेल्या ताकावर लेक्चर दिलं, ही म्हणाली मला शिकवते होय गं तू.

ॲनिमेशनच्या पोरांचं मी लांबूनच बघितलं. पुस्तकांच्या ढिगावर मोबाईल ठेवून मोड आलेल्या मटकीचे रोज फोटो काढायचे आणि जोडायचे. मला वाटलं हा काय मटकीचा सिनेमा, तर मॅडम म्हणाल्या आजोबा दादासाहेब फाळक्यांनी हेच केलं होतं, कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडं थोडं शूट करून झाड उगवताना दाखवलं होतं. फाळके म्हणजे आपल्या त्र्यंबकचेच, १८७० चा जन्म. जे.जे.ला चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात आणखी काय काय, मग फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोगसुद्धा. म्हणजे आजच्या भाषेत शॉर्ट कोर्सच करत फिरला की तो माणूस, आणि कुणा आईबापाने ग्रुपवर विचारलं नसेल याचा स्कोप काय म्हणून. आमच्या पालकांच्या ग्रुपवर मात्र दुसऱ्याच आठवड्यात सुरू झालं, स्कॉलरशिपची परीक्षा आहे आणि शनिवार वाया घालवताय, पोरांना काय हातोडा मारायचाय का. मारायचा नसेलही. पण वहीत पदार्थांचे गुणधर्म पाठ करून येणाऱ्या पोराला तेच गुणधर्म हाताला लागले तर त्यात वाया काय गेलं ते मला कुणीतरी समजावून सांगा.

आता प्रदर्शन. सहावा शनिवार पालकांसाठी आणि पाहुण्यांसाठी. आदल्या दिवशी वरून निरोप, धातूकामाच्या वाट्या प्रेझेंटेबल नाहीत. खरंच नव्हत्या हो. एक टेबलावर ठेवली की डुगडुगायची, एकीची कड पापडासारखी, आणि तडा गेलेली एक होतीच, त्या पोराने दुसरी चकती घ्यायला नकार दिला होता, म्हणे हीच पूर्ण करतो. सकाळी जाऊन बघतो तर टेबलावर बाजारातून आणलेल्या वाट्या, लखलखीत, मशीनवर दाबलेल्या, हातोडीचा एक ठोका नाही कुठे. आमच्या वाट्या खोक्यात, खोकं टेबलाखाली, पुढे सतरंजी सोडलेली. तलवारीचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आजीचा हात धरून आली, दोनदा टेबलाला चक्कर मारली. आजी म्हणाली छान आहेत गं, तुझी कोणती? ती म्हणाली यात नाहीये. तेवढंच. मग फोटोसाठी बोलावलं तर बाजारातली एक वाटी हातात घेऊन उभी राहिली, तुमच्या फोटोत डावीकडून तिसरी तीच. मी तिथे काहीच बोललो नाही, गेस्टसमोर कशाला म्हणून गप्प बसलो, पाहुणे गेल्यावर खोकं काढून वाट्या वाटल्या. त्या गप्प बसण्याचीच जास्त चीड येते आता.

हे एका शाळेचं नाही. दुकानात रेडीमेड ज्वालामुखी मिळतो, सूर्यमाला मिळते, रात्री दहाला मेसेज येतो आणि बाप गाडी काढून आणायला जातो, कार्यानुभवाचे मार्क पडतात. आणि वरून सगळं धोरण जागेवर आहे बरं का. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय की सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तर नाही, पोरांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्या हाताखाली शिकायचं. गांधीजींनी वर्ध्याला १९३७ मध्ये हेच मांडलं होतं, की हस्तकला हा वेगळा तास नाही, तिच्यातूनच गणित नि बाकीचं शिकवा. आणि पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, त्यांच्या कोर्समध्ये शाळेतली पोरं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेतीकाम असली कामं करतात, आणि गावातल्या लोकांची खरी कामं करून देतात. इथे गंमत बघा, खरं काम असलं की शाळेचं गेट उघडलं पाहिजे, ते बाजारातून आणून टेबलावर मांडता येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, पण मला टोचली. चाचांना शाळेने शाल-श्रीफळ दिलं. दिवसभराचा धंदा बुडवून, कोळसा-कथील स्वतःचं घेऊन आलेल्या माणसाला शाल! मला पेन्शन आहे, मला नारळ चालतो. त्यांना मजुरी द्यायला पाहिजे होती, मॅडमनी शेवटी स्वतःच्या पर्समधून दिली असं मला नंतर कळलं. ट्रॉफ्यांना मात्र बजेट होतं.

आता मुद्द्याचं. जूनपासून दुसरी बॅच आहे, मॅडमनी मला पुन्हा बोलावलंय आणि मी दोन अटी घातल्यात. चाचांची मजुरी आधी ठरवायची, आणि शेवटच्या शनिवारी ज्याची जशी झालीय तशी वाटी टेबलावर, बाजूला चिठ्ठी, कुठे चुकलं आणि का. तडा गेलेली वाटी सगळ्यात पुढे. मॅडम हो म्हणाल्यात, वरचं बघू. तुम्हाला विनंती एवढीच की प्रदर्शनाच्या दिवशी फोटोग्राफर पाठवू नका, दुसऱ्या शनिवारी पाठवा. अठरा हातोड्या एकदम चालतात, येताना कानात घालायला कापूस आणा म्हणावं, आणि पांढरा शर्ट नको.

आपला वाचक,
एक रिटायर्ड फिटर, सातपूर, नाशिक