मेंटॉर डायरीतली सही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या फेऱ्या सुरू झाल्या की कटऑफ, कागदपत्रे, ऑप्शन फॉर्म कसा भरावा यावर पानेच्या पाने छापून येतात. ती कामाची असतात, मीही कात्रणे काढून ठेवली होती. पण मूल एकदा आत गेले की कोणता विषय घ्यावा, राहिलेला पेपर आधी कसा काढावा, कशात हात घालू नये हे त्याला कोण सांगते, यावर मात्र ओळही वाचायला मिळत नाही. म्हणून आमच्या घरातला अनुभव लिहितो आहे.

माझी भाची पारोळा तालुक्यातली. पॉलिटेक्निक करून इलेक्ट्रिकलला थेट दुसऱ्या वर्षाला लागली. कॉलेज खान्देशातलेच, नाव लिहीत नाही. डिप्लोमाच्या मुलांचे पहिले वर्ष वाचते, पण त्याबरोबर एम-वन आणि एम-टू हे गणिताचे विषयही सुटतात आणि तिसऱ्या सत्रात एकदम एम-थ्री समोर येते. लाप्लास, फूरियर वगैरे. बारावीवरून आलेल्या मुलांचा वर्षभर हात बसलेला असतो. हिची डिप्लोमातली गणिताची वही केव्हाच रद्दीत गेली होती. विषय राहिला, पुन्हा दिला, पुन्हा राहिला. त्याचे मला फार वाटले नाही. एटीकेटी लागते तशी सुटतेही.

खरा घोळ पाचव्या सत्रात झाला. ऑनर्सची, म्हणजे जादा विषय करून पदवीला मिळणाऱ्या वरच्या दर्जाची नोटीस लागली. मैत्रिणींनी फॉर्म भरला, हिनेही भरला. सत्रभर दर शनिवारी पहाटेची एसटी धरून जादा तास केले. सत्र संपता संपता ऑफिसातून कळले की एकही विषय राहिलेला असेल तर ऑनर्स मिळत नाही. नियम पहिल्यापासून नियमावलीत होता. एम-थ्रीचा निकाल एका टेबलावर आणि ऑनर्सचा फॉर्म दुसऱ्या टेबलावर, इमारत एकच. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघणारे कुणी नव्हते. "मामा, माले कोनीच सांगं नही," एवढेच ती म्हणाली. ज्या शनिवारांत एम-थ्रीचा अभ्यास व्हायचा, ते शनिवार तर गेलेच.

प्रत्येक मुलाला सल्ला द्यायला कॉलेज एक शिक्षक नेमते, त्याला मेंटॉर म्हणतात. मी कॉलेजात जाऊन तिच्या मेंटॉरला भेटलो. माणूस भला. त्यांनी मेंटॉर डायरी काढून दाखवली. भेटीच्या तारखा, 'विषय निवडीबाबत मार्गदर्शन केले' असा शेरा, खाली भाचीची सही. त्यातल्या एका तारखेला ती घरी कपाशी वेचत होती. मला पक्के आठवते, कारण त्या दिवशी माझ्या नातवाचा वाढदिवस होता आणि तिने शेतातूनच फोन केला होता. नंतर तिनेच सांगितले की सत्राच्या शेवटी डायऱ्या वर्गात फिरतात आणि मुले एका दमात पाच-पाच सह्या करतात.

मी एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य काढले. ड्रायव्हर गाडी लावताना 'ब्रेक डावीकडे ओढतो' असे लिहून जायचा आणि त्या ओळीपुढे आम्ही सही करायचो. ती सही करताना हात काळे असायचे.

सरांवर मी चिडलो नाही. ते तासिका तत्त्वावर होते आणि भाचीचे तीन सत्रांतले तिसरे मेंटॉर. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या हिशेबाने 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असतो, अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएच्या मूल्यांकनात मेंटॉरिंगला वेगळे गुणही असतात. गुण डायरी बघून मिळतात, म्हणून डायरी चोख राहते.

आमच्या ओळखीतल्या जुन्या इंजिनिअरांना हे सगळे अति वाटते. त्यांच्या वेळी विषय ठरलेले असत, निवडायचे काही नव्हतेच. आता तसे नाही. एआयसीटीईच्या 2018 च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीला 160 क्रेडिट धरले आहेत, ऑनर्स किंवा मायनर (दुसऱ्या शाखेची जोडपदवी) हवी असेल तर वर 20. शिवाय ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय), प्रोग्राम इलेक्टिव्ह (आपल्या शाखेतला), मिळवलेली क्रेडिट साठवणारी क्रेडिट बँक, मध्येच बाहेर पडायची सोय. त्यात एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स. तिथे असाइनमेंटचे 25 पैकी 10 आणि परीक्षेचे 75 पैकी 30 गुण वेगवेगळे मिळवावे लागतात. परीक्षेत भरून काढू म्हणून असाइनमेंट सोडणाऱ्या मुलाला हे निकालाच्या दिवशी कळते.

इलेक्टिव्हची निवड तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते आणि प्रश्न एकच, 'स्कोअरिंग कुठला?' साक्रीच्या डोंगरांवर पवनचक्क्या, माळावर सौर पॅनल, भुसावळजवळ दीपनगरचे वीज केंद्र. आणि इलेक्ट्रिकलच्या अख्ख्या वर्गाने अपारंपरिक ऊर्जेचा विषय सोडला, कारण दुसऱ्या विषयाचे सर पेपर सोपा काढतात म्हणे. बहुमताचा विषयच चालवतात, त्यामुळे ज्या दोघा-तिघांना तो खरेच हवा होता, त्यांचाही गेला.

माझे म्हणणे फार मोठे नाही. फॉर्म भरण्याआधीच्या आठवड्यात मेंटॉरने प्रत्येक मुलाला, निकालपत्र समोर ठेवून, वीस मिनिटे द्यावीत. वीस मुलांचे चारशे मिनिटे होतात, म्हणजे सात तासही नाहीत. पण ते तास वेळापत्रकात धरलेले हवेत, मधल्या सुट्टीतले नकोत. मेंटॉर शक्यतो कायम नोकरीतला आणि शेवटच्या वर्षापर्यंत तोच असावा. डिप्लोमाच्या मुलांचे गणित एम-थ्रीच्या आधी पक्के करून घ्यावे. आणि बोलणे आपल्या भाषेत व्हावे. 'एनी डाउट?' म्हटले की आमच्याकडची पोरे खाली बघतात. 'काय अडनं रे भो?' असे अहिराणीत विचारून बघा, मग थांबवावे लागेल.

आपल्या प्रवेशाच्या पानावर पालकांना आणखी एक प्रश्न सुचवा: तुमचे मेंटॉर मुलांना कधी आणि किती वेळ भेटतात, हे प्रवेश घेतानाच कॉलेजला विचारा. मी विचारले नव्हते.

भाचीचा सातव्या सत्राचा फॉर्म पुढच्या महिन्यात आहे. या वेळी सगळ्या निकालांच्या झेरॉक्स घेऊन मी सोबत जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी कामगार,
अमळनेर, जि. जळगाव