विषय : 'चुकीचे ऑइल' असा शेरा मारून ग्रास कटरची वॉरंटी नाकारल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ३५ सीसी फोर-स्ट्रोक ग्रास कटरची वॉरंटी 'ग्राहकाने चुकीचे ऑइल वापरले' या एका ओळीत नाकारली आहे. इंजिनात ऑइल होतं १०डब्ल्यू-३० (हा घट्टपणाचा ग्रेड), एपीआय एसएल (हा दर्जाचा वर्ग). तुमच्या पुस्तिकेत छापलंय १०डब्ल्यू-३०, एपीआय एसजे 'किंवा त्यावरील'. यात चुकीचं काय, हे तुमच्याकडचा एकही माणूस फोनवर सांगू शकला नाही, म्हणून हे पत्र.

आधी बिघाड. मोकळं चालवलं तर गवत कापणारं हेड फिरतं. दाट गवतात घातलं की रेस वाढते, हेड मात्र थांबतं, आणि क्लच हाउसिंगमधून जळक्या ऑइलचा वास येतो. हाउसिंग उघडलं तर क्लचचे शू आणि ड्रम दोन्ही ऑइलने ओले. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, प्लग कोरडा आणि तपकिरी. म्हणजे रिंगांवरून किंवा व्हॉल्व्हकडून ऑइल जळत नाहीये. एअर फिल्टर कोरडा. म्हणजे जास्त भरल्यामुळे ब्रीदरवाटे, म्हणजे इंजिनातली वाफ एअर फिल्टरकडे सोडणाऱ्या वाटेने, बाहेर पडलं असंही नाही. राहिलं क्लचच्या बाजूचं क्रँकशाफ्टचं ऑइल सील. ते गळतंय. बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून त्याच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' लिहितात, म्हणजे ओल्या क्लचला चालणारं, हा जपानी दर्जा. तुमचा क्लच कोरडा, सेंट्रिफ्युगल, म्हणजे वेग वाढला की शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला घासून पकडणारा. त्याला ऑइल लागलं की तो घसरणारच. हे तुमच्या इंजिनिअरांना मी सांगायची गरज नसावी, पण तुमच्या वॉरंटी विभागाला असावी असं दिसतं.

आता शेवटचा फोन. 'गुणवत्तेसाठी' तो रेकॉर्ड झालेला आहे, असं तुमचंच यंत्र सुरुवातीला सांगतं. काढून ऐका.

प्रतिनिधी : "सर, ऑइल कुठलं टाकलं होतं?" ग्रेड सांगितला. होल्डवर गाणं. मग : "सर, आमच्या सिस्टिममध्ये एसजे आहे. एसएल नाहीये." म्हटलं, एसएल एसजेच्या पुढचं आहे. "पुढचं असेल सर, पण एसजे तर नाहीये ना." पुस्तिकेतलं 'किंवा त्यावरील' वाचून दाखवलं. "सर, त्यावरील म्हणजे चांगल्या क्वालिटीचं." बरोबर, तेच तर म्हणतोय. पुन्हा गाणं. परत आल्यावर अगदी आपुलकीने : "सर, एक सजेशन देऊ? पुढच्या वेळी सेफ्टीसाठी लिटरमागे चाळीस एमएल टूटी पेट्रोलमध्येच टाकत जा. ऑइलचा प्रॉब्लेमच येणार नाही."

टूटी म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल. फोर-स्ट्रोकच्या टाकीत टूटी! ज्या इंजिनाला खाली स्वतंत्र ऑइल आहे, त्याच्या पेट्रोलमध्ये! प्लगवर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर आणि सायलेन्सरच्या जाळीवर कार्बन बसेल, मशीन धूर ओकेल आणि दोरी ओढून ओढून हात गळून जातील. मग तुम्ही पुन्हा शेरा माराल : चुकीचे ऑइल. या वेळी तो खरा असेल, कारण सल्ला तुमचाच असेल.

त्या मुलाचा दोष मी मानत नाही. टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक, दोन्ही मॉडेलना तुम्ही एकच पुस्तिका देता, रंगही एकच, टाकीही सारखीच. ऑइलच्या पानावर 'टूटी / फोरटी' असे दोन चौकोन आहेत आणि खूण कशावरच नाही. तो बिचारा टू-स्ट्रोकचा रकाना वाचत होता. तिथेही घोळ आहेच : पुस्तिकेत २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली, टाकीच्या झाकणावर ५०:१, म्हणजे २० मिली. जासो एफडी, म्हणजे टू-स्ट्रोक ऑइलचा वरचा दर्जा, असेल तर कुठलं धरायचं, हे ग्राहकाने नाणं उडवून ठरवायचं का? आणि उलटी चूक जास्त महाग पडते. टू-स्ट्रोकमध्ये कोणी नुसतं पेट्रोल घातलं, तर पिस्टन-सिलिंडरला ओरखडे पडून इंजिन जाम होतं.

एसजे-एसएलचं एकदाच सांगतो. 'एस' म्हणजे प्लगवर चालणारं पेट्रोल इंजिन. पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. एपीआयच्या तक्त्यात एसजे २००१ आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी, एसएल २००४ आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी. पुढे एसएम, एसएन, एसपी. नवं ऑइल जुन्याच्या जागी चालतं, जुनं नव्याच्या जागी चालत नाही. आज कोकणातल्या कुठल्याही दुकानात नेमकं एसजे मागून बघा, दुकानदार तोंडाकडे बघत राहील. आणि एसएल ऑइलने सील गळतं, हा शोध लावला असेल तर तो जाहीर करा.

'आमचंच जेन्युइन ऑइल वापरा' हाही सल्ला मिळाला. त्या बाटलीवर 'सुपर' आहे, 'ऑल सीझन' आहे, ढाल घेतलेला वाघ आहे. १०डब्ल्यू-३० सारखा एसएई ग्रेड नाही, एपीआय वर्ग नाही. एसजे तर नाहीच नाही. मग तुमचं ऑइल घातलं तर वॉरंटी राहते कशी?

आणि तुमचा विक्रेता नवं मशीन देताना काय करतो? बाइकच्या २०डब्ल्यू-४० च्या डब्यातून अंदाजे ओततो. या इंजिनात मावतं १०० मिली. डिपस्टिक नाही, इंजिन सपाट ठेवून भरायच्या तोंडाच्या काठापर्यंत ऑइल आलं की थांबायचं. पहिलं ऑइल १० तासांनी बदलायचं, पुढे दर ५० तासांनी. यातलं अक्षरही गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. तिथे 'चुकीचे ऑइल' कोणाला दिसत नाही. १०डब्ल्यू-३० घालणाऱ्याला मात्र बरोबर दिसतं.

ऐन बेणणीच्या हंगामात मशीन बंद आहे. बागेत गवत कंबरेला लागलंय. तुमचं नाव ऐकून शेजारच्या चार बागायतदारांनी हेच मशीन घेतलं. आता ते मला विचारतात, कुठलं ऑइल घालू. मी बरोबर तेच सांगतो, आणि वॉरंटी जाईल हेही सांगतो.

सील आणि क्लच शू वॉरंटीत बदलून हवेत. शेरा लेखी मागे घ्या. दोन मॉडेलच्या दोन पुस्तिका काढा, टाकीवर ठळक स्टिकर लावा. १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार आणि पाठोपाठ जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे फी लागत नाही, त्यामुळे मला घाई नाही.

मशीन तुमच्याच विक्रेत्याकडे उघडून पडलंय. परत पाठवताना बिलात ऑइल बदलल्याचे पैसे लावू नका. त्यातलं ऑइल बरोबर आहे.

आपला ग्राहक

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, पुस्तिकेचं ऑइलचं पान आणि टाकीचं झाकण यांचे फोटो