नाना, गुडघ्याच्या गोळ्या मी घेऊन आले आहे

आई, नाना,
सा. न.

नाना, तुमच्या उशाखालच्या गोळ्या मी पुण्याला घेऊन आले. मेडिकलवाल्या दादांनाही सांगून ठेवलंय, चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. आधी विचारलं असतं तर तुम्ही "काही होत नाही" म्हणाला असता. पण डायक्लोफेनॅक रोज पोटात गेली की मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा कमी होतो. त्यात तुमची बीपीची गोळी, त्यात आपल्या चोपड्याचं मे महिन्याचं ऊन. केळीतून घामाघूम होऊन यायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि वर ही गोळी! क्रिएटिनिन उगाच नाही वाढलं; मूत्रपिंड थकलं की रक्तात तेच वाढतं. बीपीची गोळी मात्र चालूच ठेवायची, एक दिवसही चुकवायची नाही.

बाकी काही बंद केलेलं नाही. कळण्याची भाकरी, भरीत, ओट्यावरची खाट, पहाटेचा चहा, सगळं तसंच. शेकायची पिशवी पाठवतेय. मळ्यातही जा, फक्त उन्हाच्या आत घरी या.

आई, आता तुझं. मावशीची नागीण तू पाहिलीस. उतारे झाले, फोड सुकले, पण अजून पदर घासला तरी ती कळवळते. हा रोग बाहेरून येत नाही गं. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसांत दडून राहतो आणि वय झालं की डोकं वर काढतो. मला कांजिण्या आल्या तेव्हा निंबाच्या पाल्यावर निजवून तू रात्रभर पदराने वारा घालत होतीस, आठवतं? खाजवू नये म्हणून माझे दोन्ही हात तुझ्या मुठीत.

पन्नाशीनंतरची नागिणीची लस आपल्याकडे २०२३ पासून मिळते. दोन डोस, मधे दोन ते सहा महिने. महाग आहे, पण पैसे भरून झालेत, तो विषय नको. दंड दुखेल, एक-दोन दिवस कणकण येईल, बस.

आणखी एक सांगते, मनाला लावून घेऊ नकोस. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २ सप्टेंबर १९३३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना नागिणीची जुनी लस मिळाली, त्याआधीच्यांना नाही. सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. आपली लस वेगळी आहे, तिनेही तसंच होईल अशी हमी कोणी देत नाही. पण मोठ्या आईची शेवटची वर्षं आपण काढलीत, म्हणून मला थांबवत नाही. तुझं काही विसरतंय असं मी म्हणत नाहीये.

रविवारी दहाला गाडी येईल. सगळे रिपोर्ट पिशवीत घ्या, नाश्ता करून निघा. नाना, आईला एकटीला पुढे करू नका, तुमचंही नाव लावलंय.

तुमची,
बेबी