स्टिकरवर ‘ऑफरोड फिफ्टी-फिफ्टी’, पण लाल चिखलात मागचा टायर चालत नाही – तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

मी भोर तालुक्यात गुरांची कामं करतो, म्हणजे गाई-म्हशी भरवणं (कृत्रिम रेतन), गाभण आहे का तपासणं, आणि एखादं जनावर अडलं की मोठे डॉक्टर येईपर्यंतची पहिली धावपळ. नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने वर हिरडस मावळात जायचं, वीस-बावीस वाड्या माझ्याकडे आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना शेवटचे दोन-तीन किलोमीटर डांबरच नाही. त्यासाठीच एक्सपल्स २०० मोटरसायकल घेतली, गाडीबद्दल काही म्हणणं नाही. हे आधी सांगतोय कारण तुमच्या हेल्पलाइनवरच्या ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला की सर तुम्ही रायडिंग ग्रुपमध्ये आहात का, स्टंट वगैरे करता का. नाही ओ ताई, माझा हा रोजचा रस्ता आहे, पोट आहे त्यावर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या तुमच्या अधिकृत डीलरकडून टायरची जोडी घेतली, पुढे ९०/९०-२१, मागे १२०/८०-१८, ट्यूबसकट ७४०० रुपये, बिलाचा फोटो सोबत आहे. दुकानात मी काहीही लपवलं नाही, स्पष्ट सांगितलं की आमच्याकडे लाल माती आहे, भातखाचराच्या कडेचा चिखल आहे, मुरूम आहे, ओले धोंडे आहेत आणि जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर डांबर पण आहे. त्याने ऐकून घ्यायच्या आधीच टायर खाली उतरवला, म्हणाला हाच घ्या, फिफ्टी-फिफ्टी आहे, म्हणजे अर्धं डांबर अर्धा कच्चा रस्ता, सगळीकडे चालतो. स्टिकरवर पण तेच लिहिलंय आणि त्यावर चिखल उडवत जाणाऱ्या गाडीचं चित्र आहे. मी त्या चित्रावर विश्वास ठेवला.

जुलैमध्ये चार दिवस पाऊस थांबला नव्हता, रात्री आठला फोन आला की म्हैस अडली आहे, रेडकाचा एकच पाय बाहेर आलाय. लगेच निघालो, डांबर संपेपर्यंत काही त्रास नाही, टायर ओल्या रस्त्यावर छान धरत होता, घाटातल्या वळणावर पण भीती वाटली नाही, हे प्रामाणिकपणे लिहितोय. शेवटच्या चढाला लाल चिखल लागला आणि वीसेक फूट गेलो तोच मागचं चाक जागेवर फिरायला लागलं, पहिल्यात टाकून बघितलं, दुसऱ्यात टाकून बघितलं, पुढे सरकून बसलो, मागे सरकून बसलो, गाडी एक वीत पुढे जात नव्हती, उलट मागचा भाग घसरून ओहोळाच्या बाजूला यायला लागला. शेवटी गाडी तिथेच सोडली, पेटी खांद्यावर घेतली आणि चालत निघालो. पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला, डॉक्टर त्यानंतर आले. म्हैस वाचली, रेडकू गेलं. रेडकू टायरमुळे गेलं असं मी लिहिणार नाही, कदाचित वेळेत पोचूनही गेलं असतं, पण त्या घरातल्या आजी मला म्हणाल्या तू येतोस म्हणून आम्ही दुसऱ्या कोणाला बोलवलं नाही रे बाळा, ते मी अजून विसरलेलो नाही.

परत येताना टॉर्च लावून चाकाजवळ बसलो. नक्षी दिसतच नव्हती, पूर्ण चाक एकसारखं लाल, गोटा झालेल्या टायरसारखं. काटकीने एक खाच उकरली तर माती फुटली नाही, अख्खी वडी सुटून हातात आली, आणि तिच्या खालच्या बाजूला खाचेच्या तळातल्या झीजपट्टीचा (टायर किती झिजला ते दाखवणाऱ्या पट्टीचा) ठसा स्पष्ट उमटला होता. म्हणजे चिखल तळापर्यंत दाबून बसलेला आणि चाक कितीही फिरलं तरी तो बाहेर पडत नव्हता. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून मोजलं, तुमच्या टायरला नक्षीतल्या दोन रबरी ठोकळ्यांमधली फट ९ मिलीमीटर. आमच्याकडे दूध गोळा करणारा एक मुलगा आहे, त्याचीही गाडी हीच, त्याच्या मागच्या टायरला ती फट २० च्या पुढे आहे, ठोकळे कमी पण उंच, आणि तो त्याच चढावरून त्याच पावसात दोन कॅन घेऊन रोज वर जातो. त्याचा टायर डांबरावर लवकर झिजतो, आवाज करतो आणि ओल्या डांबरावर वळताना जरा लचकतो, तो स्वतःच सांगतो, पण चढावर चाक फिरलं की चिखल मागे फेकला जातो आणि ठोकळ्याची धार परत मातीत रुतते. सगळं तिथेच आहे.

आता माझं खरं म्हणणं. तुमचा टायर खराब आहे असं मी म्हणतच नाहीये. कोरड्या मुरमावर तो उत्तम आहे, खडीच्या रस्त्यावर चांगला, डांबरावर तर चांगलाच. पण फिफ्टी-फिफ्टी हा आकडा फक्त डांबर किती आणि कच्चा रस्ता किती एवढंच सांगतो, कच्चा म्हणजे कुठला कच्चा हे सांगत नाही, आणि तोही आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने लावते. मुरमाला एकमेकांना लागून असलेले ठोकळे चालतात कारण तिथे रबर जास्त टेकलं पाहिजे, चिकट मातीला मोठ्या फटी लागतात, ओल्या दगडाला मऊ रबर लागतं, तिथे ठोकळा कितीही उंच असला तरी उपयोग नाही. सासवडकडच्या काळ्या रानात तर अजून वेगळं, तिथली माती चाकाला धरते ती मडगार्डपर्यंत. या सगळ्याला एकच स्टिकर लावून विकायचं आणि वर चिखलाचं चित्र छापायचं, हे बरोबर नाही. पुढच्या टायरबद्दल माझी तक्रार नाही, पुढच्या चाकाचं काम वळवायचं आहे, कडेचे ठोकळे तुमचे चांगले आहेत. ढकलायचं काम मागच्याचं, आणि तिथेच तो कमी पडतो.

तुम्ही जे उत्तर पाठवलं त्यात लिहिलंय की उत्पादनात दोष नाही, जादा वजन आणि कमी हवा हे कारण, म्हणून क्लेम नामंजूर. उत्पादनात दोष आहे असं मी कुठेच म्हटलं नव्हतं, माझा अर्ज परत एकदा वाचा. वजनाचं बघा, मागच्या टायरवर ६२ हा भाराचा आकडा तुम्हीच छापलाय, म्हणजे तो एक टायर २६५ किलो पेलतो. गाडी साधारण १५८ किलो, मी ७२, पेटी आणि रेतनाच्या कांड्या गार ठेवायचं नायट्रोजनचं कॅन धरून १५, सगळे मिळून २४५. अख्खी गाडी माझ्यासकट त्या एकट्या चाकावर उभी केली तरी तुमच्या आकड्याच्या आत बसते. हवेचं म्हणाल तर हो, चिखलात मी मागे २० पीएसआयपर्यंत उतरवतो आणि डांबर लागलं की पायपंपाने परत २८ करतो, पंप कायम गाडीला बांधलेला असतो. कच्च्यात हवा थोडी कमी करतात कारण टायर पसरतो आणि पकड वाढते, फार कमी केली तर दगडावर ट्यूब रिममध्ये चेमटून दोन भोकं पडतात, हे मला पंक्चरवाल्याने शिकवलंय, तुमच्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही. कच्च्या रस्त्यासाठीचा टायर विकताना कच्च्यात हवा किती ठेवायची हे लिहायचं नाही, आणि नंतर त्याच कारणावरून क्लेम नाकारायचा?

अजून एक. घरी आल्यावर टायरच्या बाजूला चार आकडे बघितले, ११२३, म्हणजे २०२३ च्या अकराव्या आठवड्यात बनलेला, मी घेतला जून २०२५ मध्ये. नीट ठेवलेला टायर दोन वर्षांनी वाया जातो असं नाही, पण हा दुकानाच्या पुढच्या बाजूला उन्हात टांगलेला होता, हे मी स्वतः बघितलंय, आणि उन्हात रबर कडक होतं. ओल्या धोंड्यांवर तो जो सटकतो त्यात याचा वाटा आहे असं मला वाटतं. निदान तारीख सांगून, विचारून द्यायला पाहिजे होता, दुकानाबाहेर टांगलेला माल नव्याच्या भावात कशाला?

मला मागच्या टायरचे पैसे परत हवेत किंवा त्याच मापात मोठ्या फटींचा, ताज्या तारखेचा टायर बदलून हवा, फरक पडत असेल तर तो मी भरतो, फुकट काही नको. त्याशिवाय स्टिकरवर साध्या मराठीत लिहा की हा टायर मुरूम-खडीला आहे, चिकट चिखलाला नाही, आणि कच्च्यात हवा किती. डीलरला सांगा की गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या रस्त्याची माती विचारा. आमच्या भागात आशाताई, लाइनमन, पोस्टमन, माझ्यासारखे सगळे दुचाकीवरच फिरतात आणि यातले बरेच जण माझं बघून टायर घेणार होते, मी त्यांना सध्या थांबवलंय.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, चिखलाचं चित्र असलेलं ते स्टिकर मी जपून ठेवलंय. टायर काढून गोठ्याच्या माळ्यावर ठेवलाय, खाचांमधली माती तशीच आहे, धुतलेला नाही. तुमचा माणूस पाठवा, शक्यतो ऑगस्ट संपायच्या आत, म्हणजे चढ पण दाखवता येईल.

आपला,
एक ग्राहक, भोर

सोबत: बिल, स्टिकर, टायरवरची तारीख आणि चिखल भरलेल्या चाकाचे फोटो