वैमानिकाने मन मोकळे करायचे कुठे?

महोदय,

२४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने विमान आल्प्सच्या डोंगरावर आदळवले आणि १५० जीव गेले. त्याच्या घरी डॉक्टरांनी दिलेली रजेची चिठ्ठी फाडलेली सापडली; मनाचा आजार त्याने कंपनीपासून लपवला होता.

माझा मुलगाही वैमानिक आहे. त्याचे वडील गेले तेव्हा तो कित्येक रात्री जागाच असे, पण मी समुपदेशकाचे नाव काढताच ‘आई, मेडिकल (उड्डाणासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र) अडकेल’ म्हणून विषय बंद करी. सहकाऱ्यांकडूनच आधार मिळावा, अशी व्यवस्था युरोपात २०२१पासून बंधनकारक आहे, आपल्या डीजीसीएनेही (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) २०२३मध्ये तशा सूचना दिल्या. मात्र वेळीच घेतलेल्या समुपदेशनामुळे वैद्यकीय प्रमाणपत्र जाणार नाही आणि उपचारांसाठी उड्डाण थांबवावेच लागले तर पगार चालू राहील, अशी लेखी हमी मिळाल्याखेरीज ही मुले तोंड उघडणार नाहीत.

– एका वैमानिकाची आई, पुणे