ग्राइंडरचा गार्ड काढू नकोस

पुणे

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

शेडचे फोटो मिळाले. टेबल भक्कम झालंय, उजेडही चांगला आहे. पण फोटोतल्या चार इंची ग्राइंडरला गार्ड, म्हणजे चाक झाकणारं कव्हर, दिसला नाही, आणि शेजारी लाकडाचं दातेरी पातं ठेवलेलं दिसलं. फोनवर चार वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. पत्र वाचून होईपर्यंत त्या मशीनला हात लावू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

चार इंची ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. चाकाचा व्यास 100 मिलिमीटर, म्हणजे घेर 31 सेंटिमीटरच्या थोडा वर. हिशेब केलास तर चाकाची कड सेकंदाला 57-58 मीटर धावते, ताशी दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त. कटिंगचं चाक म्हणजे खरखरीत दाणे, त्यांना धरून ठेवणारं रेझिन आणि आत काचेच्या धाग्यांची जाळी, बाकी काही नाही. ते तडकलं की तुकडे त्याच वेगाने, चाकाच्याच पातळीत सुटतात. काम करणारा माणूस नेमका त्या रेषेत वाकलेला असतो. गार्ड हा त्या रेषेतला एकमेव आडोसा. त्याचं तोंड नेहमी तुझ्यापासून पलीकडे असायला हवं. फेस शील्ड, चष्मा, जाड कपडे हे सगळं त्याच्या नंतरचं. चाकाचा मोठा तुकडा चष्मा थोपवेल अशा भरवशावर राहू नकोस.

लोक गार्ड काढतात त्याची कारणं दोनच. एक, कोपऱ्यात मशीन पोचत नाही. तिथे करवतीचं पातं किंवा कानस वापर, वेळ लागू दे. दुसरं, मोठं चाक बसवायचं असतं, आणि हे जास्त वाईट. रेझिनच्या चाकांवर 80 मीटर प्रति सेकंद अशी कमाल मर्यादा छापलेली असते. त्यामुळे 100 मिलिमीटरचं चाक मिनिटाला 15,000 हून थोड्या जास्त फेऱ्यांपर्यंत चालतं, 125 चं साधारण 12,200 पर्यंत आणि 180 चं फक्त 8,500 पर्यंत. सात इंची चाक तुझ्या 11,000 च्या मशीनवर चढवलं तर कड सेकंदाला 103 मीटर धावेल. शिवाय चार इंची चाकाचं भोक 16 मिलिमीटर असतं आणि मोठ्या चाकांचं 22 च्या वर. मग मध्ये वॉशर कोंबून बसवतात, चाक केंद्रात राहत नाही, मशीन थरथरतं आणि चाक फुटायला आणखी एक कारण मिळतं. गार्ड हरवला असेल तर मॉडेल नंबर कळव. प्रत्येक कंपनीचा क्लॅम्प वेगळा असतो, अंदाजाने आणलेला बसणार नाही. इथल्या दुकानात मी विचारतो.

चाकाच्या मधल्या धातूच्या रिंगवर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. ती वापरायची शेवटची तारीख, बहुधा उत्पादनापासून तीन वर्षं. चिपळूणच्या पावसात हे फार महत्त्वाचं, कारण दमट हवेने रेझिन कमजोर होतं. चाकं डब्यात, कोरडी आणि आडवी ठेव, खिळ्याला टांगू नकोस. हातातून फरशीवर पडलेलं चाक दिसायला कितीही ठीक असलं तरी फेकून दे. नवं चाक चढवल्यावर तोंड बाजूला करून, कुणाच्या रेषेत न धरता, निदान अर्धा मिनिट मोकळं फिरव. खराब चाक फुटलंच तर बहुधा तेव्हाच फुटतं. चाक बदलताना पिन सॉकेटमधून बाहेर हवी. बटण बंद आहे एवढ्यावर विसंबायचं नाही.

एक मिलिमीटरचं पातळ कटिंग चाक फक्त कापण्यासाठी असतं. त्याच्या बाजूने वेल्ड घासलास तर ते वाकतं आणि जाळी सुटते. घासायला सहा मिलिमीटरचं जाड चाक घे आणि कामाशी, म्हणजे घासायच्या धातूशी, 15 ते 30 अंशाचा कोन ठेव. आडवा हँडल काढून ठेवलेला दिसतोय, तो परत लाव आणि दोन्ही हातांनी धर.

आता उसळी. कापता कापता चाक खाचेत आवळलं की मशीन हातातून उलटं फेकलं जातं, आणि आवळण्याचं कारण बहुतेक वेळा आधार चुकीचा असणं. अँगल किंवा पाइप दोन्ही टोकांना टेकवून मध्ये कापलास तर शेवटी काम खाली वाकतं, खाच वरून मिटते आणि चाक पकडलं जातं. म्हणून कापायच्या जागेजवळ व्हाइसमध्ये (शिकंज्यात) किंवा दोन सी-क्लॅम्पनी घट्ट धर आणि सुटणारा तुकडा मोकळा लटकू दे. फॅब्रिकेशनच्या दुकानात पायाखाली दाबून कापतात ते पाहिलं असशील. ते बघून शिकायचं नाही. चाक कामात अडकलं तर आधी बटण सोड, चाक पूर्ण थांबू दे, मग बाहेर काढ.

आणि ते दातेरी पातं. रेझिनचं चाक घासत जातं, दातेरी पातं चावत जातं. लाकडातली गाठ, ओला पट्टा किंवा जुना खिळा लागला की एखादा दात रुततो आणि ग्राइंडर हनुवटीकडे, मानेकडे किंवा मांडीकडे येतो. ग्राइंडरला लाकडासाठीचा गार्ड नाही, खाच उघडी ठेवणारी पाचर नाही, खाली टेकायला सपाट तळ नाही. साखळी करवतीसारखे दात असलेली चकती मिळते, ती तर हातात घेऊच नकोस. या दोन्ही वस्तू घरी ठेवूच नयेत असं माझं ठाम मत आहे. मार्बल कटरवर लाकडाचं पातं लावणारे सुतार आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण त्या मशीनलाही खालचा मिटणारा गार्ड नसतो. लाकूड कापायचं असेल तर सात इंची सर्क्युलर सॉ घे. त्याचे फेरे निम्म्याच्या आसपास असतात, आणि मशीन उचललं की खालचा गार्ड स्प्रिंगने आपोआप मिटतो. तो गार्ड कधी दोरीने बांधून उघडा ठेवू नकोस. भुसा साचून अडकत असेल तर पिन काढून साफ कर.

सरकवायचं बटण असलेल्या ग्राइंडरबाबत एक गोष्ट, जी तुझ्या भागात हमखास घडणार: काम चालू असताना वीज जाते, मशीन थांबतं, आपण ते टेबलावर ठेवतो आणि मेन पाहायला जातो. बटण ‘चालू’वरच राहिलेलं असतं. वीज आली की मशीन टेबलावरून स्वतःच पळतं. म्हणून दिवे गेले की पहिलं काम पिन उपसण्याचं. पुढचं मशीन घेताना दाबून धरल्याशिवाय न चालणारं, पॅडल स्विचचं घे.

डोळ्यांकडे येतो. नंबरचा चष्मा हा संरक्षणाचा चष्मा नव्हे. त्याला बाजू नसतात, आणि काच असेल तर तीच फुटून आत जाते. पॉलिकार्बोनेटचा, बाजू झाकलेला, आयएस 5983 (भारतीय मानक) किंवा ईएन 166 (युरोपीय मानक) छापलेला चष्मा घे. दोन-अडीचशे रुपयांत चांगला मिळतो. ईएन 166 मध्ये एफ, बी, ए ही अक्षरं असतात. सहा मिलिमीटरची पोलादी गोळी किती वेगाने लागली तरी चष्मा टिकतो, हे त्यांवरून कळतं: एफ म्हणजे सेकंदाला 45 मीटर, बी म्हणजे 120, ए म्हणजे 190. तुझा नंबर असल्यामुळे चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल लागेल, तो बी चा घे. ग्राइंडरसाठी गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही. नुसती शील्ड पुरत नाही, कीस हनुवटीखालून वर येतो. तारेचा ब्रश लावशील तेव्हा तर नक्कीच, कारण त्याच्या तारा सुटून सुईसारख्या रुततात. काम संपल्यावर गॉगल लगेच काढू नकोस. आधी मान खाली घालून केस, भुवया आणि शील्डची कड झटक, मग काढ. डोळ्यात जाणारे कितीतरी कण काम संपल्यावरच भुवईतून पडतात.

हातमोज्यांबद्दल लोक उलटं समजतात. स्टँडचा ड्रिल, बेंच ग्राइंडर, लाकडाचा राउटर, टेबल सॉ, लेथ यांवर हातमोजे घालायचे नाहीत. सुताचा एक धागा फिरत्या बिटला अडकला की मोजा गुंडाळला जातो आणि आतला हातही. मनगटातला गंडा, कडं, अंगठी, घड्याळ, लोंबती बाही या सगळ्याला तोच नियम. वहिनी किंवा मुली शेडमध्ये मदतीला आल्या तर ओढणी आणि मोकळे केस बांधूनच. हातातल्या ग्राइंडरला मात्र घट्ट बसणारे चामड्याचे मोजे चालतात, कारण दोन्ही हात हँडलवर असतात. पत्रे उचलतानाही घाल. कपडे सुती आणि पूर्ण बाहीचे घाल. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. पायात आयएस 15298 चे बूट, चप्पल नको.

ड्रिलमध्ये धोक्याचा क्षण म्हणजे बिट पलीकडे निघतानाचा. तिथे धार अडकते, आणि काम बांधलेलं नसेल तर पत्र्याची पट्टी पंख्यासारखी फिरून बोटं कापते. खाली लाकडी ठोकळा ठेव, वर क्लॅम्प लाव आणि शेवटच्या दोन मिलिमीटरला दाब कमी कर. भिंतीत भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत पाडू नकोस, वायर तिथूनच गेलेली असते.

कानांचं नुकसान दुखत नाही, म्हणून लोक त्याकडे लक्ष देत नाहीत. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: 94 ला एक तास, 100 ला फक्त पंधरा मिनिटं. पत्रा कापताना ग्राइंडर शंभरीच्या आसपास सहज जातो. फोमचे बोळे बोटांत बारीक वळ, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढ, आत घाल आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धर. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवलेले बोळे काही करत नाहीत.

धुळीचंही तसंच. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये निश्चित कर्करोगकारक गटात टाकलं. एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डमध्ये) त्या धुळीसोबत फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं. ग्रॅनाइट, टाइल आणि काँक्रीटमध्ये सिलिका असते, आणि तिच्या धुळीने फुप्फुसांना होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. कापडी रुमाल उपयोगाचा नाही. आयएस 9473 चा एफएफपी2 मास्क घे, नाकावरची पट्टी दाबून बसव. तुझ्या दाढीवर तो नीट बसणार नाही, हे सरळ सांगतो: एक तर दाढी काढ, नाहीतर दगड-टाइलचं काम बाहेर, पाण्याची धार सोडत कर. पाणी आणि वीज एकत्र आली की शेडच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, हवाच. जादा भार किंवा शॉर्टसर्किटला पडणाऱ्या नुसत्या एमसीबीने शॉक थांबत नाही. अर्थिंग तपासून घे आणि जोड मारलेली एक्सटेन्शन वायर फेकून दे.

ठिणग्या दोन-तीन मीटर सहज जातात. थिनरचे डबे आणि भुसा शेडच्या त्या बाजूला नको. काम संपल्यावर अर्धा तास शेड सोडून जाऊ नकोस, भुसा आतल्या आत धुमसतो.

आता पुढचं पान वहिनींनाही वाचायला दे, कारण वेळ आली तर हे त्यांना करावं लागेल.

जखम झाली तर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा आणि दहा मिनिटं उघडून पाहायचं नाही. हळद, कॉफीची पूड, चुना काही लावायचं नाही, नंतर डॉक्टरांना ते खरवडत बसावं लागतं. डोळ्यात काही रुतलं असेल तर चोळायचं नाही, काढायचं नाही, वर कागदी पेला उलटा ठेवून चिकटवायचा आणि थेट नेत्रतज्ज्ञ गाठायचा. लोखंडाचा बारीक कण वेगाने आत शिरला तर दुखणं थोडंच असतं. म्हणून ‘उद्या पाहू’ चालणार नाही, आणि धातूचं काम करत होतास हे डॉक्टरांना सांगायचंच, कारण डोळ्यात लोखंड असताना एमआरआय करता येत नाही.

बोट तुटलं तर तुकडा स्वच्छ, किंचित ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवायची. थेट बर्फावर किंवा पाण्यात तुकडा ठेवला की पेशी मरतात. असं थंड ठेवलेलं बोट बारा तासांहून जास्तही टिकतं, पण घाई करायचीच. निघण्याआधी 108 ला फोन करून मायक्रोसर्जरी कुठे होते ते विचारायचं, नाहीतर एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यात वेळ जातो. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलंस? पाच वर्षं उलटली असतील तर खोल किंवा घाणेरड्या जखमेला पुन्हा लागतं. तारीख प्रथमोपचाराच्या पेटीच्या झाकणावर लिहून ठेव, म्हणजे त्या गडबडीत आठवत बसावं लागणार नाही.

पेटीत जंतुरहित गॉजची दहा पाकिटं, 10 सेंटिमीटर रुंदीच्या चार क्रेप बँडेज, चिकटपट्टी, झिपची पिशवी, डोळे धुवायला सलाइनची बाटली आणि बोथट टोकाची कात्री ठेव. शेडच्या दाराजवळ, लहान मुलांच्या हाती न लागणाऱ्या पण तुला डाव्या हातानेही उघडता येईल अशा उंचीवर लाव.

वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुझा,
सुहास