बाई, तुमची एक बांगडी आमच्याकडे राहिलीय

बाई नमस्कार. समोर आले की मला धड बोलताच येत नाही, परवा पालकसभेत पण नुसतं थँक्यू थँक्यू करून पळाले, म्हणून इथे लिहितेय, चारचौघांनी वाचलं तर वाचू दे.

आमचा धाकटा सहावीत. गेली दोन वर्षं त्याच्याबद्दल एकच तक्रार, स्वतःच्या मनाचं लिहितो. आधी ज्या ट्यूशनला जायचा तिथे "फरक स्पष्ट करा" म्हणजे पट्टीने मधोमध रेघ, डावीकडे चार मुद्दे, उजवीकडे चार, सगळे गाईडमधले आणि सगळे पाठ. एकदा ह्याने पाचवा मुद्दा स्वतःचा घातला तर त्यावर लाल काट, वर सगळ्यांसमोर "गाईडमध्ये कुठंय हे दाखव". फी मात्र वर्षाची आधीच मोजून घेतली होती हो. तेव्हापासून पोरगं वही हाताने झाकून लिहायला लागलं, मलाही दाखवेना.

तुमच्या वर्गात काय झालं ते मला जेवताना, झोपताना असं तुकड्यातुकड्याने कळलं. तुम्ही दोन उतारे दिलेत, दोन्ही गोदावरीच्या पुराचे. एक बातमीसारखा, गंगापूर धरणातून इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्यांना सावधानतेचा इशारा वगैरे. दुसरा घाटावरच्या लोकांचा, पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, आणि तसतसं टपरीवाले सामान वर हलवतायत. (आपण नाशिककर असंच तर विचारतो, मारुतीला कुठपर्यंत आलंय? २०१९ च्या ऑगस्टात अख्खा मारुती पाण्याखाली गेला होता तेव्हा ह्याच्या पप्पांना दर तासाला एवढाच एक फोन.) मग तुम्ही हातातल्या दोन बांगड्या काढून वहीवर एकीवर एक थोडी चढवून ठेवल्यात आणि पेन्सिल फिरवायला लावलीत. एका गोलात फक्त बातमीतलं, दुसऱ्यात फक्त घाटावरचं, आणि मधे डोळ्यासारखी जागा राहते तिथे दोन्हीकडचं.

बाजूचे गोल सगळ्यांचे भरले, अडलं मधेच. बहुतेकांनी लिहिलं, दोन्ही उतारे गोदावरीवर आहेत. ह्याने लिहिलं, "दोन्हीत पाणी मोजलंय." आणि लगेच वर हात ठेवला, सवयीने.

तुम्ही हात हळूच बाजूला केलात, वाचलंत, तिथेच उभ्या उभ्या दोन्ही उतारे परत वाचलेत, आणि म्हणालात, "अरे, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं." आणि खडू त्याच्या हातात दिलात.

बाई, हे वाक्य मी आतापर्यंत निदान वीस वेळा ऐकलंय, तुमच्या आवाजात, त्या "अरे" सकट. तुम्ही कदाचित दुसऱ्या तासाला विसरलाही असाल. पण मोठ्या माणसाने लहानाला असं म्हणणं आपल्याकडे होतं कुठे, शाळेचं सोडा, मी आई असून कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. चुकले तरी आवाज चढवून वेळ मारून नेते, खरं सांगते. चांगली माणसं फार मोठं काही करत नाहीत बहुतेक, दोन मिनिटं थांबून परत वाचतात.

आता घरी विचारू नका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, म्हणजे आपला पाण्याचा जार दीडच्या आसपास, हे त्याने मला पोळ्या लाटताना समजावलं. क्युसेक धरणावरच्या साहेबासाठी, मारुती टपरीवाल्यासाठी, असंही. मागच्या आठवड्यात दोन पेपर पुढ्यात घेऊन बसला, दोन्हीत लासलगावचा कांदा, दर तोच, तारीख तीच. एकात मथळा कांदा उत्पादक हवालदिल, दुसऱ्यात ग्राहकांना दिलासा. माझा भाऊ निफाडला, कांदाच करतो. पोरगं मला विचारतं, "मम्मी, एक मामासाठी लिहिलंय आणि एक तुझ्यासाठी, ना?" मी भाजीवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करून नुकतीच वर आले होते, काय बोलणार, गप्प बसले.

दोन वाट्या उपड्या घालून त्याने त्याचेही गोल काढलेत, माझ्या दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर. आणि हो, काल त्याची कंपासपेटी आवरताना एक हिरवी बांगडी सापडली, बारीक सोनेरी ठिपक्यांची. तुमचीच ना? विचारलं तर म्हणतो, "बाईंनी मागितली नाही अजून." सोमवारी डब्याच्या पिशवीत कागदात गुंडाळून पाठवते, तेवढी त्याच्याकडून मागून घ्या.